मालवणला निघण्याआधी : स्नॉर्केलिंग आणि पाण्याखालच्या फोटोंसाठी मास्क कसा निवडावा

हलकं धान घरात आलं, कापसाच्या एक-दोन वेचण्या आटोपल्या की आपल्या विदर्भातल्या गावांमधून कोकणच्या सहली निघतात. पोरापोरींना तारकर्ली-मालवणला पाण्यात डोकं घालून मासे बघायचे असतात आणि ते टिपायचेही असतात. कॅमेऱ्याची चौकशी सगळेच करतात. मास्कचं मात्र "तिथं भाड्यानं मिळतो ना" एवढ्यावर भागवलं जातं. मिळतो, यात शंका नाही. पण होडीवरच्या क्रेटमधून हाती येईल तो मास्क आपल्या चेहऱ्याला बसेलच असं नाही. पाण्यात मिळतो जेमतेम अर्धा-पाऊण तास, आणि त्यातला बराचसा मास्कमधलं पाणी काढण्यात जातो. ज्याला धड दिसत नाही त्याला फोटो काढता येत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: पैसे मोजकेच असतील तर आधी मास्क घ्या, उरले त्यात कॅमेरा बसवा. आणि मास्कची पारख घरूनच करून निघा, कारण हजारेक किलोमीटरचा प्रवास करून किनाऱ्यावर पोचल्यावर बदलायला वेळ नसतो.

आपली खरी अडचण दुकानाची आहे. तालुक्याच्या गावी खेळाच्या दुकानात पोहण्याचे गॉगल मिळतात, मास्क नाही. नागपूरला कामानिमित्त जाणं होत असेल तर डेकॅथलॉन या खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानात जाऊन चार मास्क तोंडाला लावून बघणं सगळ्यात उत्तम. ते जमणार नसेल तर ऑनलाइन मागवा, पण परत घेण्याची सोय असलेलाच, आणि सहलीच्या किमान महिनाभर आधी. पार्सल यायला, नाही बसला तर परत पाठवायला आणि दुसरा यायला तेवढे दिवस लागतात.

पोहण्याचा गॉगल का चालत नाही

गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं. दीड-दोन मीटर खाली गेलात की पाण्याचा दाब वाढतो, आतली हवा आकसते आणि गॉगल डोळ्यांवर ओढला जातो. नाक आत असलेल्या मास्कमध्ये नाकातून थोडी हवा सोडली की दाब सारखा होतो. गॉगलमध्ये ती सोयच नाही, आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरल्याची उदाहरणं यातूनच होतात. नाक झाकणारा, आणि नाकाची पिशवी बाहेरून चिमटीत धरता येईल असाच मास्क हवा. कान मोकळे करायलाही ती चिमूट लागते.

चेहऱ्यावर बसतो की नाही, हे कसं बघायचं

मास्क निवडण्यातलं नव्वद टक्के काम हेच आहे. ब्रँड, रंग, किंमत सगळं यानंतर.

पट्टा पुढे, काचेवर उलटवून टाका. आरशासमोर उभं राहून मान मागे टाका, तोंड छताकडे करा आणि मास्क नुसता चेहऱ्यावर ठेवा. हातानं दाबायचा नाही. सिलिकॉनची कड, जिला स्कर्ट म्हणतात, ती कपाळ, कानशिलं, गाल आणि नाकाखालचा भाग असं सगळीकडे सलग टेकते का, हे घरातल्या कुणाला तरी जवळून बघायला सांगा. बहुतेकांची फट दोनच ठिकाणी सापडते: कानशिलाच्या खोलगट भागात, नाहीतर नाकाच्या बाजूनं हसण्याची जी रेष जाते तिथं. आपल्याकडे बारीक, निमुळत्या चेहऱ्याची माणसं बरीच, आणि मोठ्या मापाचा मास्क त्यांच्या कानशिलावरून बाहेर जातो. अशांनी सरळ लहान माप किंवा 'मिनी' लिहिलेलं मॉडेल बघावं. मुलांसाठी तर लहान मुलांचाच घ्या, "पुढच्या वर्षी होईल" म्हणून मोठा घेऊ नका.

आता नाकातून अगदी हलका श्वास आत घ्या आणि रोखून धरा. मास्क हात न लावता चिकटून राहायला हवा. इथं बरेच जण जोरात श्वास ओढतात. जोरात ओढला तर न बसणारा मास्कही चिकटतो आणि आपली फसगत होते. श्वास अगदी थोडा घ्या. मग स्नॉर्केलचा, म्हणजे तोंडानं श्वास घ्यायच्या नळीचा, रबरी तुकडा दातांत धरा आणि हेच पुन्हा करा. तोंडात तो तुकडा गेला की वरचा ओठ उचलला जातो, गाल बदलतात, आणि आत्तापर्यंत छान बसणारा मास्क नाकाखालून हवा घेऊ लागतो. स्नॉर्केलशिवाय केलेली परीक्षा म्हणूनच अर्धी.

एवढ्यातून पास झाला की पट्टा लावून दहा-पंधरा मिनिटं घरात तसंच बसा. भुवयांच्या मधल्या हाडाला चौकट टोचते का, नाकाचं टोक आत घासतं का? घरात किंचित जाणवलेली टोचणी पाण्यात वीस मिनिटांनी डोकेदुखी होते.

पट्ट्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. माझी भाची आमच्या गोठ्याशेजारच्या हौदात सराव करत होती. दर मिनिटाला तोंड वर काढून ओरडायची, "मामा, बाजूनं पाणी येऊन राहिलं!" आणि ओरडून झालं की पट्टा आणखी एक घर आवळायची. मी पट्टा दोन घरं सैल केला, कानाजवळ स्कर्टखाली अडकलेली बारीक बट बाहेर काढली, आणि पाणी थांबलं. स्कर्टचं काम कुकरच्या रिंगसारखं आहे: ती आपल्या जागी सपाट बसली तरच धरते. पट्टा आवळला की सिलिकॉनची कड दुमडते आणि नवी फट तयार होते. मास्क चेहऱ्यावर धरून ठेवायचं काम पाण्याचा दाब करतो. पट्टा फक्त तो घसरू नये एवढ्यासाठी, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, कानांच्या वरून. लांब केस असलेल्यांनी पट्ट्यावर चढवायचं कापडी निओप्रीन कव्हर घ्यावं, केस ओढले जात नाहीत.

मिशी असेल तर

आपल्याकडे मिशी काढायला सांगणं म्हणजे मोठंच मागणं, आणि त्याची गरजही नसते. नाकपुड्यांच्या लगेच खालची, स्कर्ट टेकते तेवढी पट्टी बारीक कापून घ्या, बाकीची राहू द्या. वर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा. डाइव्हिंगच्या सामानासोबत ते मिळतं. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियमचे पदार्थ स्कर्टला कालांतरानं खराब करतात. दाढीचा त्रास तुलनेनं कमी, कारण बहुतेक मास्क हनुवटीपर्यंत पोचतच नाहीत.

स्कर्ट कशाचा, आणि कोणत्या रंगाचा

स्वस्त सेटमध्ये स्कर्ट पीव्हीसीचा असतो. तो कडक, चकचकीत, आणि उन्हानं आणखी कडक होत जाणारा. सिलिकॉनचा हाताला मऊ लागतो, मुडपून सोडला की लगेच मूळ आकारात येतो. कड दुहेरी असेल, म्हणजे आत आणखी एक पातळ पाकळी असेल, तर उत्तम. खोक्यावर सिलिकॉन असा स्पष्ट उल्लेख नसेल तर घेऊ नका.

रंगाचा मुद्दा फोटो काढणाऱ्यांसाठी खरोखर महत्त्वाचा आहे. पारदर्शक स्कर्टमधून बाजूनं उजेड आत येतो. नुसतं बघायला तो बरा वाटतो, मोकळं वाटतं, पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याला कोंडल्यासारखं होत नाही. पण तोच उजेड काचेच्या आतल्या बाजूवर पडून चमकतो, आणि दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याचा स्क्रीन बघायला गेलं की स्वतःचेच डोळे दिसतात. काळा स्कर्ट बाजूचा उजेड अडवतो, स्क्रीन ठळक दिसतो. म्हणून कॅमेरा धरणाऱ्यानं काळा घ्यावा. ज्याचा फोटो काढायचा त्याच्यासाठी मात्र पारदर्शक बरा: उजेड चेहऱ्यावर पडतो, डोळे आणि हसू दिसतं. नवराबायको दोघं जाणार असाल तर एक काळा, एक पारदर्शक अशी जोडी घ्या. आरशासारख्या चकाकत्या काचा फोटोसाठी नकोच, त्यात माणसाचे डोळे दिसत नाहीत.

काच आणि आतली जागा

काच टेम्पर्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली हवी. काचेच्या कोपऱ्यात तसं बारीक कोरलेलं असतं. साधी काच फुटली तर तुकडे डोळ्यांपाशी, आणि प्लास्टिकवर वाळूनं ओरखडे पडतात.

मास्कच्या आत हवेची जागा जितकी कमी तितकं चांगलं. काच डोळ्यांजवळ येते, त्यामुळे बाजूला आणि खाली जास्त दिसतं. पाणी शिरलं तर एका फुंकरीत निघतं, आणि बुडी मारताना दाब सारखा करायला कमी हवा लागते. छातीजवळ धरलेला कॅमेरा मान न वाकवता दिसतो का, हे घरीच बघून घ्या: मास्क लावा, हातात फोन धरा, फक्त डोळे खाली करा. काही मास्कच्या काचा खालच्या बाजूला डोळ्यांकडे कललेल्या असतात, त्यात हे सोपं जातं.

एक काच की दोन काचा? चष्मा नसेल तर कोणतीही चालेल. चष्मा असेल तर दोन काचांचाच घ्या.

चष्मा असलेल्यांसाठी

मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही, काड्या स्कर्टखालून जातात आणि पाणी शिरतं. पाण्याखाली सपाट काचेतून बघताना वस्तू खऱ्या अंतराच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतरावर आणि त्यामुळे साधारण एक-तृतीयांश मोठ्या दिसतात. म्हणून ज्यांचा नंबर उणे एकच्या आत आहे त्यांचं साध्या मास्कवर भागतं.

त्यापुढच्या नंबरासाठी दोन काचांच्या अनेक मॉडेल्समध्ये तयार नंबरच्या काचा बदलून बसवता येतात. त्या बहुधा अर्ध्या-अर्ध्या नंबरानं मिळतात. गोल नंबरासोबत सिलेंडर (तिरपा नंबर) असेल तर साधा हिशेब असा: सिलेंडरचा निम्मा आकडा गोल नंबरात मिळवायचा. उणे 2.50 ला उणे 1.00 सिलेंडर असेल तर उणे 3.00 ची काच. नेमका आकडा मिळत नसेल तर एक पायरी कमीचा घ्या, जास्तीचा नको. सिलेंडर मोठा असेल तर तयार काचेनं भागत नाही, काच घडवून घ्यावी लागते.

चाळिशी लागलेल्यांची अडचण वेगळी. दूरचा मासा स्वच्छ दिसतो, हातातल्या कॅमेऱ्यावरचं चिन्ह दिसत नाही. यासाठी काचेच्या आतून, खालच्या भागात चिकटवायची मऊ भिंगं मिळतात. पाण्यानं चिकटतात, काढून पुन्हा लावता येतात. पन्नाशीच्या मित्रांना मी हेच घ्यायला सांगतो, त्यांचा फोटोतला रस टिकतो.

कॉन्टॅक्ट लेन्स लावून उतरायचं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून. पाणी डोळ्यात गेलं तर लेन्स वाहून जाते, आणि घाण पाण्यानं डोळ्याला संसर्ग होऊ शकतो.

पूर्ण चेहरा झाकणारा मास्क

हे मास्क ऑनलाइन खूप दिसतात आणि सोपे वाटतात. मी घेऊ देत नाही. बहुतेकांत नाक चिमटीत धरता येत नाही, त्यामुळे बुडी मारता येत नाही. घाबरायला झालं तर स्नॉर्केल तोंडातून थुंकून टाकता येतो, हा मात्र पट्टे सोडवून पूर्ण काढावा लागतो. स्वस्त नकलांमध्ये सोडलेला श्वास नीट बाहेर न जाता पुन्हा आत येतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड साठत जातो. आणि काच चेहऱ्यापासून लांब असल्यामुळे कॅमेरा डोळ्याजवळ नेताच येत नाही.

स्नॉर्केल साधा घ्या, लांबी साधारण 35 ते 40 सेंटिमीटर. जास्त लांब नळीनं खोलवर श्वास घेता येईल असं वाटतं, ते चूक आहे. वापरलेली हवा नळीतच राहते आणि छातीवरच्या पाण्याच्या दाबामुळे श्वास ओढता येत नाही.

नव्या मास्कवरची वाफ

नवा मास्क कितीही महाग असो, पहिल्या दिवशी धुकतोच. कारखान्यातून येताना काचेवर सिलिकॉनचा न दिसणारा थर बसलेला असतो, आणि उबदार ओला श्वास त्यावर बारीक थेंब होऊन चिकटतो. साधी पांढरी टूथपेस्ट घ्या, जेलची नको. काचेच्या आतल्या बाजूला बोटानं दोन-तीन मिनिटं चोळा, रात्रभर राहू द्या, सकाळी धुवा. असं दोन-तीनदा करा. काचेवर आधीच अँटी-फॉगचा किंवा चकाकता थर असल्याचं खोक्यावर लिहिलं असेल तर हा उपाय करू नका, थर निघून जाईल. लायटरनं काच जाळण्याचा उपाय व्हिडिओंमध्ये दाखवतात, त्याच्या भानगडीत पडू नका. ज्योत जरा सरकली की स्कर्ट जळतो.

पाण्यात उतरण्याआधी दर वेळी बेबी शॅम्पूचे दोन थेंब आतून फिरवा आणि पाण्यात एकदाच हलकं खंगाळा. चोळून धुतलं तर थर जातो. एका छोट्या बाटलीत पाणी घालून पातळ केलेला शॅम्पू खिशात ठेवा. नंतर काचेला आतून बोट लावायचं नाही, आणि श्वास तोंडानंच घ्यायचा-सोडायचा. नाकानं सोडलात की वाफ आलीच.

गावातच सराव

पहिला सराव बादलीत किंवा मोठ्या गंजात तोंड बुडवून. पाच मिनिटं तोंडानं शांत श्वास घेत राहा. मग हौद. त्यानंतर कमरेएवढ्या स्वच्छ पाण्यात मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्या आणि काढायला शिका: चौकटीची वरची कड बोटानं कपाळावर दाबा, नजर किंचित वर, आणि नाकातून हवा सोडा. पाणी खालून निघून जातं. हे हातात बसलं की समुद्रात भीती वाटत नाही.

विहिरीत किंवा तलावात उतरायचं तर नियम कडक ठेवा. एकट्यानं कधीच नाही. काठावर पोहणारा माणूस आणि दोर हवा, आणि पायऱ्यांची विहीर हवी. गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत शिंगाड्याचे आणि कमळाचे वेल पायाला गुंततात, तिथं जाऊ नका. जंगलातले तलाव आणि धरणाचं पाणी तर नकोच. मुक्काम नागपूरला असेल तर तरणतलाव सगळ्यात चांगला. पोहता येणाऱ्यानंही समुद्रात लाइफ जॅकेट घालूनच उतरावं. बुडी मारण्याआधी भराभर मोठे श्वास घेण्याची सवय लावू नका, त्यानं पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते.

मास्क आणि कॅमेरा एकत्र

कॅमेरा मास्कवर बसवायचे क्लिप मिळतात. टाळा. कॅमेऱ्याचं वजन आणि पाण्याचा विरोध मास्कला ओढतो, आणि मान हलली की चित्र हलतं. तरंगणाऱ्या दांड्यावर, मनगटाला दोरी बांधून, हातातच धरा. गोप्रोचे हीरो 5 ब्लॅक ते हीरो 12 ब्लॅक हाउसिंगशिवाय (बाहेरच्या पाणीरोधक पेटीशिवाय) 10 मीटरपर्यंत चालतात, ऑलिंपसचा टीजी-6 15 मीटरपर्यंत. स्नॉर्केलिंगला एवढं पुष्कळ होतं. फोनवरचं आयपी68 हे पाणी-धूळ रोखण्याचं मानांकन गोड्या, स्थिर पाण्यातल्या चाचणीवरून दिलेलं असतं, खाऱ्या पाण्याची हमी त्यात नाही. फोनसाठी पाणीरोधक पाउच वापरणार असाल तर आधी आत टिश्यू पेपर घालून अर्धा तास बादलीत बुडवून बघा. पाण्यात टचस्क्रीन नीट चालत नाही, आवाजाच्या बटणावर फोटो निघेल असं सेटिंग घरूनच करून घ्या.

पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषतं, पाचेक मीटरांतच तो बराचसा जातो. आणि हे अंतर नुसतं खोलीचं नसतं, वस्तूपासून कॅमेऱ्यापर्यंतचं पाणीही त्यात येतं. म्हणून झूम न करता जवळ जा, हातभर अंतरावर. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पाण्यातले कण पांढरे ठिपके होऊन उमटतात. वरच्या दोन-तीन मीटरांत लाल फिल्टरची गरज नसते. सूर्य पाठीमागे आणि वर हवा, सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ चांगली.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, आणि प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण आहे. फोटोसाठी त्यावर उभं राहू नका, तुकडा उचलू नका. शरीर आडवं ठेवा, पाय खाली सोडले की फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) प्रवाळाला लागतात. पावसाळ्यात तिथले जलक्रीडा बंद असतात, आणि पाणी स्वच्छ मिळायला हिवाळा बरा.

होडीवर मास्क कपाळावर चढवून ठेवू नका, एका लाटेत जातो. गळ्यात खाली सोडा.

परत आल्यावर

गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवा, सावलीत वाळवा. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग राहतात, शेवटचं खंगाळणं फिल्टरच्या पाण्यानं करा. पारदर्शक स्कर्ट काळ्या रबराला चिकटून ठेवला तर त्याला डाग पडतो, वेगळ्या पिशवीत ठेवा. मास्कसोबत आलेला प्लास्टिकचा साचा फेकू नका, त्यातच ठेवला तर स्कर्टचा आकार मोडत नाही. टिनाच्या छपराखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर आपल्या मे महिन्यात चौकट वाकते. झाकणाचा कडक डबा घ्या, धान्याच्या कोठीशेजारी उघडा ठेवला तर उंदीर स्कर्ट कुरतडतात. आणि त्याच डब्यात एक जादा पट्टा टाकून ठेवा, तुटला तर मालवणच्या बाजारात त्याच मापाचा मिळेलच असं नाही.